सल्ला हवा आहे: ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स ऐकायला कुठून सुरुवात करावी?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा एक लहानसा श्रवणगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एकच बँड घ्यायचा, दीड-दोन तास मनापासून ऐकायचा आणि मग चहाबरोबर चर्चा. सध्या सत्तरच्या दशकातलं अमेरिकी कंट्री-रॉक चालू आहे. ईगल्सचे पहिले दोन अल्बम झाले, पोको झाला, मार्शल टकर बँड झाला. पुढची बैठक माझ्याकडे आहे आणि मी मिझुरी राज्यातला ओझार्क माउंटन डेअरडेव्हिल्स निवडलाय.

अडचण अशी की आमच्यातल्या सगळ्यांनी ह्या बँडचं 'जॅकी ब्लू' ऐकलंय आणि बाकी काहीच ऐकलेलं नाही. मी सध्या त्यांचे अल्बम एकामागून एक ऐकतेय, तर दर दोन गाण्यांनी बँडच बदलल्यासारखा वाटतो. एका गाण्यात अस्सल डोंगरी फिडल, दुसऱ्यात रेडिओवरचं मुलायम पॉप, तिसऱ्यात कोंबड्यांचा कलकलाट. कोणतं गाणं कोण गातंय तेही कळत नाही.

मंडळींना आधी कुठला अल्बम ऐकवावा? मूळ सहा जणांपैकी कुणाचं काय, हे कसं ओळखायचं? आणि 1976 नंतरच्या अल्बमना वेळ द्यावा का? आमच्यात एक काका माउथ ऑर्गन वाजवतात. त्यांना ह्या बँडमध्ये बरंच काही सापडेल असं वाटतंय, त्याबद्दलही जाणकारांनी लिहिलं तर फार बरं होईल.

एकतारा

'इफ यू वॉना गेट टू हेवन' आणि 'जॅकी ब्लू'. पहिलं 1974 मध्ये बिलबोर्ड ह्या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, दुसरं 1975 मध्ये तिसऱ्या. नवीन ऐकणाऱ्यांसाठी सुरुवात ओळखीच्या गाण्यांनी करावी, म्हणजे कान लागतो. त्यानंतर निवडक गाण्यांचा एखादा संग्रह लावा. इतक्या वेगवेगळ्या चवींच्या बँडला संग्रहच न्याय देतो असं माझं मत आहे.

मिझुरीकर

एकतारा, मी ह्याच्या अगदी उलट सांगेन. मी बरीच वर्षं सेंट लुईसला राहतो, आणि हा बँड इथल्या लोकांना जसा माहीत आहे तसा तो संग्रहातून कळत नाही.

पाऊलवाटताई, तुम्ही दुसऱ्या अल्बमपासून सुरुवात करा. 'इट विल शाइन व्हेन इट शाइन्स', 1974. कारण सांगतो, जरा सविस्तर.

स्प्रिंगफील्ड हे मिझुरीच्या नैर्ऋत्येचं शहर, सेंट लुईसहून गाडीने तीन-साडेतीन तासांवर. इथून ओझार्कचे डोंगर सुरू होतात आणि खाली अर्कान्सामध्ये उतरतात. डोंगर म्हणजे उंच शिखरं नव्हेत. चुनखडीचा जुना, झिजलेला, दऱ्या-ओढ्यांनी कापलेला मुलूख, जागोजागी झरे आणि गुहा, ओक आणि हिकरीचं दाट रान. ह्या खोऱ्यांमधून फिडल, बँजो आणि बॅलडची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी चालत आली. शहरातही संगीताची कमतरता नव्हती. 'ओझार्क ज्युबिली' हा कंट्री संगीताचा टीव्ही कार्यक्रम 1955 ते 1960 अशी पाच वर्षं एबीसी वाहिनीवरून देशभर जायचा, तो इथल्याच ज्यूएल थिएटरमधून. ब्रेंडा ली लहान मुलगी असताना त्यात गायची. म्हणजे हे सहा जण मोठे होत होते तेव्हा त्यांच्या गावातलं गाणं अख्खी अमेरिका बघत होती.

हे सगळे 1970च्या सुमाराला स्प्रिंगफील्डमध्ये एकमेकांना सापडले आणि एक-दोन वर्षांत बँड उभा राहिला. त्यांची ध्वनिफीत आधी न्यूयॉर्कला कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीच्या जॉन हॅमंडकडे गेली. हॅमंड म्हणजे बॉब डिलनला करारबद्ध करणारा माणूस. त्याने आणखी गाणी ध्वनिमुद्रित करायला थोडे पैसे दिले, पण करार काही झाला नाही. मग ती फीत ए अँड एम कंपनीच्या डेव्हिड अँडर्लीपर्यंत आणि ग्लिन जॉन्सपर्यंत पोचली. तुम्ही ईगल्सचे पहिले दोन अल्बम ऐकलेत ना, त्यांचा निर्माता हाच ग्लिन जॉन्स. दोघं कॅन्सस सिटीला काऊटाऊन बॉलरूममध्ये बँड ऐकायला आले. दडपणामुळे त्या रात्री वादन काही जमलं नाही. व्यवस्थापक पॉल पीटरसन पाहुण्यांना आपल्या घरी घेऊन गेला, तिथे मेणबत्त्यांच्या उजेडात बँडने ॲम्प्लिफायर न लावता, नुसत्या अकूस्टिक वाद्यांवर गाणी म्हटली आणि करार पक्का झाला.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. हा बँड घरात, एकमेकांच्या शेजारी बसून वाजवतो तेव्हा सर्वांत चांगला वाजवतो. पहिला अल्बम लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत झाला. दुसऱ्याच्या वेळी मात्र ध्वनिमुद्रणाची गाडीच मिझुरीत आणली, बॉलिव्हर गावाजवळच्या रुडी व्हॅली रँचवर. तिथलं जुनं शेतघर म्हणजे त्यांची तालमीची जागा. त्या घराच्या लाकडी खोल्यांमध्ये झालेलं हे ध्वनिमुद्रण आहे आणि ते ऐकू येतं. आवाजांना जागा आहे, कुणी कुणावर चढत नाही. शेवटी शीर्षकगीत येतं तेव्हा सगळे एकत्र गातात. स्टीव्ह कॅश आणि जॉन डिलन ह्या जोडीचं ते गाणं, माझ्या मते बँडचं सर्वांत सुंदर.

तिसरी_घंटा

मिझुरीकर, दुसऱ्या अल्बमबद्दल तुम्ही लिहिलंत ते मान्य. पण सुरुवातीसाठी मी पहिल्याचीच शिफारस करेन. 1973चा, बँडचंच नाव असलेला. मुखपृष्ठावर गोधडी आहे म्हणून चाहते त्याला 'क्विल्ट अल्बम' म्हणतात.

लंडनमध्ये झाला म्हणून तो कमी घरचा ठरत नाही. ग्लिन जॉन्सने त्यांना गुळगुळीत केलेलं नाही. ईगल्सनंतर त्याच्याकडे पुन्हा एक कंट्री-रॉक बँड आला होता, त्यांनाही तसंच घडवणं सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. 'चिकन ट्रेन'सारखं गाणं त्याने आहे तसं ठेवलं, ही त्याची थोरवी. 

आणि ताईंचा दुसरा प्रश्न, कुणाचं काय ते कसं ओळखायचं, त्याचं उत्तर ह्याच अल्बममध्ये सर्वांत स्वच्छ मिळतं. प्रत्येक जण आपली ओळख करून देतो. 'स्टँडिंग ऑन द रॉक' जॉन डिलनचं. 'कंट्री गर्ल' रँडल चाउनिंगचं. 'स्पेसशिप ओरायन' लॅरी लीचं. 'चिकन ट्रेन' स्टीव्ह कॅशचं. 'इफ यू वॉना गेट टू हेवन' कॅश आणि डिलन दोघांचं. ही पाच गाणी ऐकली की आवाज डोक्यात बसतात, मग दुसऱ्या अल्बममध्ये माणसं ओळखीची वाटतात. ओळख न होता थेट त्यांच्या घरात शिरायचं म्हणजे ताईंना आत्ता जे होतंय तेच होणार: दर दोन गाण्यांनी नवीन बँड.

रानजाई

तिसरी_घंटा, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

एक सुचवते. मंडळींना आधी सहा जणांबद्दल दोन-दोन वाक्यं सांगा, मग गाणी लावा. ह्या बँडला एक गायक, एक म्होरक्या असं काही नाही. लिहिणारे अनेक, गाणारे अनेक. ईगल्समध्येही अनेक जण गायचे, पण तिथे अखेर हेन्ली आणि फ्राय ह्या दोघांचं राज्य झालं. इथे तसं कधी झालं नाही. त्याचं मोल त्यांनी मोजलं, पण गाण्यांमधली विविधता त्यातूनच आली.

पाऊलवाट

वा! एका रात्रीत एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे मनापासून आभार. मिझुरीकर, मेणबत्त्यांचा प्रसंग मी बैठकीत नक्की सांगणार.

रानजाई, ती दोन-दोन वाक्यं तुम्ही लोकांनीच लिहून दिलीत तर? विशेषतः लॅरी ली. ड्रमवादक असून 'जॅकी ब्लू' तोच गातो हे वाचून मी ते गाणं पुन्हा लावलं. आमच्या घरी सगळ्यांना तो बाईचा आवाज वाटत होता.

मिझुरीकर

लिहितो. दोन वाक्यांत मला जमणार नाही, तुम्ही कापून घ्या.

लॅरी ली. स्प्रिंगफील्डचाच. ड्रम वाजवता वाजवता इतकं हळुवार, उंच पट्टीत गाणारा माणूस विरळा. 'जॅकी ब्लू'चा पहिला आराखडा त्याचा, आणि त्यातला जॅकी हा पुरुष होता. ग्लिन जॉन्सने चाल ऐकली आणि हे गाणं मोठं होणार हे ओळखलं, मात्र जॅकी ही मुलगी असायला हवी असं सांगितलं. मग कॅश आणि ली ह्यांनी शब्द नव्याने लिहिले. आज त्या गाण्यात जी एकलकोंडी, स्वतःतच हरवलेली मुलगी दिसते ती अशी जन्माला आली. आणि हे मुलायम गाणं त्याच जुन्या शेतघराच्या अल्बममध्ये आहे, ही गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

स्टीव्ह कॅश. हाही स्प्रिंगफील्डचा. हार्मोनिका (म्हणजे माउथ ऑर्गन), आवाज आणि मुख्य म्हणजे शब्द. बँडच्या गाण्यांमधला जो मिस्कील, थोडा गूढ, बायबल आणि रानातल्या भाषेचा मेळ आहे, तो बहुतांशी त्याचा. पुढे त्याने 'द मेक' ही कादंबऱ्यांची मालिका लिहिली, कधी म्हातारी न होणाऱ्या मुलांबद्दलची अद्भुतकथा. पहिला भाग 2005 मध्ये आला. ऑक्टोबर 2019 मध्ये तो गेला. इथल्या रेडिओ केंद्रांवर त्या आठवड्यात त्याची गाणी वाजत होती, आणि शीर्षकगीत लागलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन शेवटपर्यंत ऐकलं.

जॉन डिलन. अर्कान्सामध्ये जन्म. गिटार, फिडल, मँडोलिन, डल्सिमर, हाताला लागेल ते वाद्य. बँडमधलं डोंगराचं जे काही आहे ते सर्वांत जास्त ह्याच्या हातात. 'चिकन ट्रेन'मध्ये जो विचित्र, घुमणारा, टणटणता आवाज येतो तो माउथबोचा. लाकडाची वाकवलेली काठी, तिला एक तार, आणि काठीचं टोक तोंडाशी धरून तार छेडायची. तोंडाची पोकळी लहान-मोठी केली की सूर बदलतात. आपल्या मोरचंगाचं तत्त्व तेच. ओझार्कमध्ये हे वाद्य जुनं आहे, अर्कान्साच्या जिमी ड्रिफ्टवुडने ते मैफलीत आणून लोकांना ऐकवलं. रॉक बँडच्या अल्बममध्ये ते वाजवायचं धाडस ह्या लोकांनी केलं.

रँडल चाउनिंग. सुरुवातीच्या काळात बँड एकत्र आणण्यात ह्याचा मोठा वाटा. गिटार, आणि एक मोकळा, उघडा आवाज. 'कॅन्सस यू फूलर' नक्की ऐका. 1976 मध्ये तो बाहेर पडला.

बडी ब्रेफील्ड, पियानो. ह्याचं वादन मागे मागे असतं म्हणून दुर्लक्ष होतं. गाणं नुसतं त्याच्या पियानोवर लक्ष ठेवून ऐका, मग कळतं की चर्चमधल्या भजनांचा ढंग कुठून येतोय. पुढे त्याने बँड सोडला, वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि डॉक्टर झाला.

मायकल ग्रांडा, सगळे 'सूप' म्हणतात. बेस. सेंट लुईसचा. मंचावरचा सगळा उत्साह ह्याचा. त्यानेच 2008 मध्ये 'इट शाइन्ड' हा बँडचा जाडजूड इतिहास लिहिला. आतल्या माणसाने लिहिलेला असूनही त्यात कुणाला देव केलेलं नाही. बँडमध्ये माणसं आली-गेली, डिलन आणि ग्रांडा मात्र प्रत्येक संचात राहिले.

एकतारा

मिझुरीकर, फार छान लिहिलंत. मग एक प्रश्न पडतो. इतकी माणसं, इतकी गाणी, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकाचं गाणं, तरी पुढे हा बँड ईगल्सच्या जवळपासही का पोचला नाही?

मिझुरीकर

कारण ते घर सोडून गेले नाहीत.

'जॅकी ब्लू' गाजल्यावर कंपनीला अजून तशीच गाणी हवी होती. बँडने दक्षिण कॅलिफोर्नियात येऊन राहावं असाही आग्रह होता, म्हणजे कंपनीजवळ, स्टुडिओंजवळ, त्या सगळ्या वर्तुळात. त्यांनी नकार दिला. पुढचा अल्बम, 'द कार ओव्हर द लेक अल्बम', 1975 मध्ये आला तो नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित झालेला, आणि त्यात 'जॅकी ब्लू'ची दुसरी आवृत्ती कुठेही नव्हती. विक्री उतरत गेली.

काही लोक ह्याला हुकलेली संधी म्हणतात. मला ते पटत नाही. ते लॉस एंजेलिसला गेले असते तर तिथे आधीच असलेल्या कंट्री-रॉक बँडांमध्ये आणखी एकाची भर पडली असती. ज्या गाण्यांसाठी आज आपण हा धागा चालवतोय ती गाणी तिथे लिहिली गेली नसती. त्यांच्या गाण्यांमधली नदी, वादळ, कोंबड्या, आकाश हे सजावटीचं सामान नाहीये. दाराबाहेर होतं ते गाण्यात आलं.

तिसरी_घंटा

हे मी थोडं वेगळं मांडेन. नकार देणं हे एक कारण झालं. दुसरं कारण रेडिओचं. 'हेवन' ऐकून ज्यांनी अल्बम घेतला त्यांना धुळीचं, हार्मोनिकाचं रॉक हवं होतं. 'जॅकी ब्लू' ऐकून ज्यांनी घेतला त्यांना मुलायम पॉप. दोन्ही गटांना पुढच्या अल्बममध्ये आपलं एखाद-दुसरंच गाणं मिळालं. सहा लेखकांच्या बँडला एक चेहरा देणं कंपनीच्या जाहिरात खात्याला कधीच जमलं नाही. गावीच राहायचं हा निर्णय आदराचा आहे हे खरं, पण ते कॅलिफोर्नियात गेले असते तरी हा पेच सुटला नसता असं मला वाटतं.

मिझुरीकर

हे पटलं. दोन्ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

बाजाची_पेटी

माउथ ऑर्गनवाल्या काकांसाठी लिहितो. हा माझा जिव्हाळ्याचा विषय.

आपल्याकडे हिंदी सिनेमाची गाणी वाजवणारे बहुतेक जण ट्रेमोलो किंवा क्रोमॅटिक प्रकारचा माउथ ऑर्गन वापरतात. स्टीव्ह कॅश जे वाजवतो ते दहा भोकांच्या साध्या डायटॉनिक हार्पवरचं (हार्प म्हणजे माउथ ऑर्गनच) वादन आहे. ट्रेमोलोवर ते येणार नाही. ट्रेमोलोत प्रत्येक सुराला धातूच्या दोन पत्त्या किंचित फरकाने लावलेल्या असतात, त्यामुळे थरथर छान येते, पण सूर खाली वाकवता येत नाही. आणि ह्या वादनाचा सगळा जीव त्या वाकवण्यात आहे.

दुसरी गोष्ट, पट्टी. काकांना सवयीने वाटेल की गाणं पांढरी तीनमध्ये (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीत) असेल तर हार्पही पांढरी तीनचा हवा. तसं नाही. ह्या पद्धतीला क्रॉस हार्प म्हणतात. पांढरी तीनच्या गाण्याला पांढरी सहाचा हार्प घ्यायचा. पांढरी सहाच्या गाण्याला पांढरी दोनचा, पांढरी पाचच्या गाण्याला पांढरी एकचा. म्हणजे गाण्याच्या सा पासून शुद्ध मध्यमावरचा हार्प. मग दुसऱ्या भोकात श्वास आत ओढला की गाण्याचा सा मिळतो, आणि खालच्या भोकांमध्ये ओढून वाजवताना जीभ मागे घेत सूर उतरवता येतात. बासरीवाल्याला मींड जशी हवीहवीशी असते तसं हे आहे. पांढरी एक, दोन आणि सहा असे तीन हार्प घेतले की कंट्री-रॉकमधली बरीचशी गाणी वाजवता येतील.

काकांना सांगा, सुरुवात 'हेवन'च्या हार्मोनिकाने करू नका. ते आकर्षक आहे पण त्यात श्वासाचा वेग फार आहे. आधी सावकाश गाण्यांमधले, गायकाच्या दोन ओळींच्या मधले तुकडे घ्या. कॅश कधी मोठमोठ्या ताना घेत बसत नाही. गायक थांबला की दोन-चार सूर, की पुन्हा गप्प. कुठे वाजवायचं नाही हे त्याच्याकडून शिकावं. एक मात्र ध्यानात ठेवा, रँडल चाउनिंगही हार्मोनिका वाजवायचा, तेव्हा प्रत्येक तुकडा कॅशचाच धरून चालू नका.

पाऊलवाट

बाजाची_पेटी, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. पट्ट्यांचा हिशेब त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि क्रोमॅटिक कपाटात ठेवून ते हार्प आणायला निघालेसुद्धा! वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं काय, 1976 नंतरचं?

रानजाई

त्याचं उत्तर मी देते, कारण माझी ह्या बँडशी ओळख तिथूनच झाली. मी नॉर्वेत राहते.

1976 मध्ये हा बँड युरोपच्या दौऱ्यावर होता. त्यांच्याआधी मंचावर येणारा बँड म्हणजे फ्लाइंग नॉर्वेजियन्स, बर्गन शहरातला. नॉर्वेच्या पावसाळी किनाऱ्यावर बसून कंट्री-रॉक वाजवणारी मंडळी. त्यांचा गिटारवादक रूने वाले ह्या लोकांना इतका आवडला की चाउनिंग गेल्यानंतर त्यांनी त्यालाच बोलावून घेतलं. बर्गनचा मुलगा थेट मिझुरीच्या डोंगरात! इथल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांमध्ये ही गोष्ट अजूनही अभिमानाने सांगतात.

'मेन फ्रॉम अर्थ' (1976) घ्या. 'नोआ' आणि लॅरी लीचं 'यू नो लाइक आय नो' ही दोन्ही त्यात आहेत. दुसरं ऐकलंत की जाणवेल, 'जॅकी ब्लू' हा काही एकदाच घडलेला चमत्कार नव्हता, ली तशी गाणी लिहू शकत होता. मात्र ह्यात ऊब जास्त आहे. 'डोन्ट लुक डाउन' (1977) मला स्वतःला आवडतो, पण बैठकीत वेळ कमी असेल तर सोडा. 1978चा 'इट्स अलाइव्ह' हा दुहेरी अल्बम मंचावरचा आहे. त्यात चाउनिंग नाही हे लक्षात ठेवून ऐका. 1980 मध्ये कोलंबियासाठी पुन्हा बँडच्याच नावाचा एक अल्बम केला, तो वगळलात तरी चालेल. त्यात ते स्वतःसारखे वाटत नाहीत.

लॅरी ली त्यानंतर नॅशव्हिलला गेला. 1982चा त्याचा एकट्याचा 'मरून्ड' हा अल्बम पूर्णपणे वेगळ्या वाटेचा आहे, समुद्रकिनाऱ्यावरचं पॉप. त्याचा आवाज आवडला असेल तर जरूर शोधा.

मिझुरीकर

रानजाईच्या यादीत एक नाव घालतो. स्टीव्ह कॅनडे. बँड अगदी नवा होता तेव्हा हे लोक स्प्रिंगफील्डच्या न्यू बिजू थिएटरमध्ये वाजवायचे, ते कॅनडेचं. पुढे तो स्वतः बँडमध्ये आला, ड्रम वाजवायचा. 1999 मध्ये विमान अपघातात गेला. ज्यांनी जागा दिली, मंच दिला, अशी माणसं इतिहासात तळटीपेत जातात म्हणून मुद्दाम नाव घेतलं. छोट्या शहरात बँड टिकतो तो अशा एखाद्या जागेमुळे.

पाऊलवाट

आता माझा आराखडा असा झालाय, बघा पटतोय का.

सुरुवातीला 'स्टँडिंग ऑन द रॉक', 'कंट्री गर्ल', 'स्पेसशिप ओरायन', 'चिकन ट्रेन' आणि 'हेवन'. प्रत्येक गाण्याआधी त्या माणसाची ओळख. तिसरी_घंटा, हे तुमचं. मग दहा मिनिटं थांबून मेणबत्त्यांची आणि शेतघराची गोष्ट. त्यानंतर दुसरा अल्बम सलग, पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकही शब्द न बोलता. मिझुरीकर, हे तुमचं. 'जॅकी ब्लू' त्याच्या जागी येईल तेव्हा येईल, वेगळं काढून लावणार नाही. शेवटी वेळ उरला तर 'यू नो लाइक आय नो'.

एकतारा

मी सुरुवातीला संग्रह सुचवला होता, पण हा आराखडा संग्रहापेक्षा सरस आहे. फक्त 'चिकन ट्रेन' 'हेवन'च्या लगेच आधी ठेवू नका, दोन्हींत हार्मोनिका जोरात आहे. 'स्पेसशिप ओरायन' मध्ये घ्या, कानाला उसंत मिळेल.

तिसरी_घंटा

एकताराला अनुमोदन. आणि पहिल्या भागात 'ब्यूटी इन द रिव्हर'ला जागा करता आली तर करा. पहिला अल्बम त्या गाण्याने संपतो, एकत्र गाण्याची मजा तिथे आहे. दुसऱ्या अल्बमच्या शेवटच्या गाण्याशी त्याचं नातं मंडळींना आपोआप ऐकू येईल.

पाऊलवाट

दोन्ही बदल केले. शेवटचं विचारते: ह्यानंतरच्या महिन्यात कुठे जावं? कॅलिफोर्नियात परत जायची इच्छा नाही.

बाजाची_पेटी

कॅन्सस सिटीचे ब्रूअर अँड शिपली. दोघेच, दोन गिटार, दोन आवाज. त्यांचंही व्यवस्थापन डेअरडेव्हिल्सच्याच व्यवस्थापकांकडे होतं, त्यामुळे गोष्ट पुढे चालू राहील.

मिझुरीकर

त्याच मातीत पुढच्या पिढीकडे जायचं असेल तर अंकल टुपेलो. सेंट लुईसच्या समोर, मिसिसिपी नदीच्या पलीकडे इलिनॉयमधलं बेलव्हिल हे त्यांचं गाव. जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न. 1990चा 'नो डिप्रेशन' हा पहिला अल्बम, 1993चा 'ॲनोडाइन' शेवटचा, आणि 1994 मध्ये बँड फुटून सन व्होल्ट आणि विल्को असे दोन बँड झाले. पंकचा वेग आणि जुनं लोकगीत त्यांनी एकत्र आणलं. तुमच्या गटाला पहिल्या अल्बमचा आवाज कर्कश वाटला तर 1992चा, केवळ अकूस्टिक वाद्यांवरचा अल्बम आधी लावा. तो जॉर्जियातल्या अथेन्सला पाच दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, निर्माता आरईएम ह्या बँडचा पीटर बक. त्याचं नावच ध्वनिमुद्रणाच्या तारखा आहे, 16 ते 20 मार्च 1992, त्यामुळे शोधायला सोपा जाईल.

रानजाई

आणि एखादा रविवार फ्लाइंग नॉर्वेजियन्सना द्या. 'न्यू डे' आणि 'वूंडेड बर्ड' असे दोन अल्बम शोधा. रूने वालेची गिटार मिझुरीला जायच्या आधी कशी वाजत होती ते त्यात आहे.